सामायिक गॅरेज घेताय? आधी न हलणाऱ्या गाडीचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र, सात गाड्या, त्यातल्या दोन चाकं काढून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवलेल्या. चौदा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी एक जुनी शेड विकत मिळते आहे. पूर्वी तिथे गाड्यांना रंग मारायचं काम चालायचं. एकाला गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट हवी आहे, दोघांना फक्त कोरडी आणि सुरक्षित जागा हवी आहे, चौथ्याला 'शनिवारी बसायला ठिकाण' हवं आहे. जागेत काय तपासावं, मालकी कशी ठेवावी आणि आपसात नियम काय असावेत, असं तुम्ही विचारता.

मी बारा वर्षं अशा एका गॅरेजचा भागीदार आहे. त्याआधी दुसऱ्या एका सामायिक जागेतून हात पोळून बाहेर पडलो होतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. अशी गॅरेजं पैशावरून मोडतात असा समज आहे. मी जवळून पाहिलेली बहुतेक गॅरेजं न हलणाऱ्या गाडीवरून मोडली. आमच्या पहिल्या जागेत एका मित्राने गिअरबॉक्स उतरवण्यासाठी गाडी लिफ्टवर घेतली. दोन दिवसांचं काम. आत एक बेअरिंग खराब निघालं, ते मागवलं, आलं ते चुकीचं. मग त्याची बदली झाली. गाडी लिफ्टवर अकरा महिने होती. त्या अकरा महिन्यांत बाकीचे चौघे जमिनीवर पाठ टेकून ऑईल बदलत होते आणि लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी मात्र भरत होते. भांडण कधी झालंच नाही. लोक हळूहळू यायचे बंद झाले, फोन उचलेनासे झाले आणि एक दिवस एकाने 'माझा हिस्सा कोणी घेतं का' असं विचारलं. घोंगडं भिजत पडतं ते असं.

म्हणून जागा बघताना, करार लिहिताना आणि नियम करताना स्वतःला एकच प्रश्न विचारत जा: यातली एक गाडी वर्षभर जागची हलली नाही, तर बाकीच्यांचं काय होईल?

आता तुमच्या शेडचा हिशोब. एकशेचाळीस चौरस मीटर. पार्किंगचा ठोकळा अडीच बाय पाच मीटरचा धरला तर कागदावर अकरा गाड्या बसतात, आणि विकणारा तुम्हाला तेच सांगेल. पण तो ठोकळा गाडी लावून निघून जाणाऱ्यासाठी असतो. दार पूर्ण उघडायचं, ट्रॉली जॅक सरकवायचा, बंपर काढून बाजूला ठेवायचा, तर दर गाडीला किमान २.८ मीटर रुंदी लागते. लांब भिंतीला काटकोनात गाड्या लावल्या तर चौदा मीटरमध्ये पाच. त्यांची खोली नाकासमोरची थोडी जागा धरून साडेपाच मीटर. उरलेल्या साडेचार मीटरमध्ये गाडी वळवून आत घ्यायची. काटकोनातल्या पार्किंगला सहा मीटरची वाट सोयीची समजतात, म्हणजे तुमच्याकडे दर वेळी दोन-तीन वेळा पुढे-मागे करणं आलं. त्यात एका टोकाला काम करण्याची चार बाय सात मीटरची जागा काढली की भिंतीला तीनच गाड्या राहतात. कामाच्या जागेतली एक धरून सातांपैकी चार सुखाने, उरलेल्या तीन एकमेकींच्या वाटेत.

यावर उपाय म्हणजे चार खांबांच्या साठवणीच्या लिफ्ट: एक गाडी वर, एक खाली. तुमच्या शेडमध्ये अशा दोन लिफ्ट शेजारी शेजारी उभ्या केल्या तर साधारण सहा मीटर जातात आणि चार गाड्या बसतात. पण इथे एक ग्यानबाची मेख आहे. वरची गाडी काढायची तर खालची आधी हलली पाहिजे. खाली घोड्यांवरची गाडी ठेवलीत तर वरची कायमची अडकली. म्हणून बंद गाडी नेहमी वर, चालती गाडी नेहमी खाली. आणि बंद गाडी वर चढवायची तर ती निदान चाकांवर गडगडली पाहिजे, स्टिअरिंग फिरलं पाहिजे आणि तिला ओढायला विंच पाहिजे. वर जाण्याआधी तिच्यातून काही गळत नाही ना ते बघा, तरीही खाली पत्र्याचे ट्रे लावा. ब्रेक फ्लुइडचा एक थेंब खालच्या गाडीच्या रंगाचं काय करतो, हे ज्याने पाहिलंय तो ट्रे विसरत नाही. चढवल्यावर लिफ्ट हायड्रॉलिकच्या जोरावर लटकत ठेवायची नाही. यांत्रिक खटक्यांवर टेकवायची, मगच घरी जायचं.

उंची मोजताना छताची मोजू नका. सगळ्यात खालच्या आडव्या तुळईची, ट्यूबलाइटची आणि वर गुंडाळलेल्या शटरच्या पेटीची मोजा, आणि तीही लिफ्ट जिथे उभी राहणार त्या ठिकाणी, कारण उतरत्या छताच्या शेडमध्ये एका भिंतीशी आणि दुसऱ्या भिंतीशी मीटरभराचा फरक पडू शकतो. हिशोब सोपा आहे. खालची गाडी १.७ मीटर, लिफ्टच्या फळीची जाडी आणि मोकळीक मिळून पाव मीटर, वरची १.४५ मीटर: झाले ३.४. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी १.८ मीटर उचलली आणि ती स्वतः दीड मीटरची असेल तर ३.३, उंच गाडीला ३.६, वर बॉनेट उघडायचं. चार मीटर मोकळी उंची मिळत असेल तर डोळे मिटून पुढे जा. साडेतीन असेल तर लिफ्टचा माहितीतक्ता हातात धरून एकेक गाडी मोजा. तीनच असेल तर दोन खांबांच्या लिफ्टचं स्वप्न सोडा आणि कात्रीसारखी मधल्या उंचीपर्यंत उचलणारी लिफ्ट घ्या. ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शनच्या कामाला ती पुरते, गिअरबॉक्सला अपुरी पडते.

जमीन हा जागा नापास होण्याचा खरा विषय. चार खांबांची लिफ्ट वजन चार ठिकाणी वाटते आणि बऱ्याचदा नुसती उभी ठेवता येते. दोन खांबांची लिफ्ट मात्र गाडीचं सगळं वजन तरफेसारखं तळाच्या बोल्टवर टाकते, आणि ते बोल्ट काँक्रीटला धरून असतात. लिफ्ट बनवणारे साधारणपणे किमान १०० मिमी जाडीचं आणि २० मेगापास्कलच्या पुढच्या ताकदीचं काँक्रीट मागतात, काही जण १५० मिमी आणि त्याहून जास्त. जुन्या शेडमध्ये वर गुळगुळीत कोबा दिसतो आणि खाली काय आहे ते देवाला ठाऊक. म्हणून व्यवहाराआधी मालकाची परवानगी घेऊन लिफ्ट येणार तिथे एक बारीक भोक आरपार पाडा, टोक वाकवलेली तार आत घालून खालच्या कडेला अडकवा आणि वर खूण करा. जाडी कळते. भोक बुजवायला पाच मिनिटं. हे करू द्यायला जो विकणारा नकार देतो, त्याच्याकडून मी जागा घेत नाही. दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्या: स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल आहेत का (असतील तर ड्रिल लावायचंच नाही), आणि खाली तळघर किंवा मजला आहे का. असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय दोन खांबांची लिफ्ट बसवू नका. बोल्ट सांध्याच्या किंवा तड्याच्या जवळ येत असतील तर लिफ्टची जागा सरकवावी लागेल, आणि ती सरकली की वरचा सगळा पार्किंगचा हिशोब पुन्हा मांडायचा.

ज्या दोघांना 'फक्त कोरडी जागा' हवी आहे त्यांच्यासाठी ओल हा मुख्य मुद्दा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. फार खाली गेली तर चामडं आणि लाकूड तडकतं. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. ओल छतातून येते हे सगळे बघतात, जमिनीतून येते हे कोणी बघत नाही. प्लॅस्टिकचा साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर सील करा आणि किमान सोळा तास तसाच ठेवा. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल, तर त्या जमिनीवर झाकून ठेवलेली गाडी खालून वाफारा खात राहणार. माझ्या एका गाडीचा तळ असाच गेला. वरून ती आरशासारखी होती, आणि मी वर्षभर फक्त वरूनच पुसत होतो. ओल थोडी असेल तर डीह्युमिडिफायरवर भागतं. थंड राहणाऱ्या शेडमध्ये कंप्रेसरवाल्यापेक्षा शोषक द्रव्याचा घ्या, कारण तापमान उतरलं की पहिला प्रकार जवळजवळ काम करत नाही. आणि पावसात भिजून आलेली गाडी कव्हर घालून ठेवायची नाही, हा नियम दारावरच लिहा.

आता तुमच्या शेडची रंगकामाची पार्श्वभूमी. यावर मी तुमच्याइतका निवांत राहिलो नसतो. रंगकामात थिनर आणि इतर द्रावणं लागतात, आणि जुन्या काळी उरलेलं सरळ मागच्या अंगणात किंवा गटारात ओतायची सवय होती. कितीतरी देशांत जमिनीचं प्रदूषण साफ करण्याची जबाबदारी जागेच्या सध्याच्या मालकावर येऊ शकते, घाण त्याने केलेली असो वा नसो. मागच्या बाजूला माती काळी आहे का, गवत उगवत नाही असा पट्टा आहे का, कुठे बुजवलेली टाकी किंवा विनाकारण वर आलेला पाइप आहे का, हे बघा, आणि थोडीही शंका आली तर मातीचे नमुने तपासून घ्या. आतल्या जमिनीत गटाराची जाळी असेल तर ती कुठे जाते ते पाणी ओतून शोधा. ऑईल वेगळं करणारा टँक मध्ये नसेल तर ती जाळी तुमच्या कामाची नाही, बुजवून टाका.

त्याच बैठकीत जागेच्या कागदपत्रांवर मंजूर वापर काय लिहिलाय ते वाचा. 'साठवण' आणि 'दुरुस्ती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवणीची परवानगी असलेल्या जागेत तुम्ही लिफ्ट बसवली आणि वेल्डिंग केलं, तर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर ते थांबू शकतं. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं.

गाडीखाली उतरून काम करण्याचा जुना खड्डा जमिनीत आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. लिफ्ट परवडत नसेल तर खड्डा चालेल का, असा त्यामागचा प्रश्न दिसतो. मी बुजवेन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, ती खाली उतरते आणि खड्ड्यात तळं साचावं तशी साचते. हवेत तिचं प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगी पुरते, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे 'आज थंडी आहे' हा युक्तिवाद चालत नाही. पेट्रोलची टाकी उतरवताना हातातला दिवा पडून फुटणं हा आगीचा अगदी ठरलेला मार्ग आहे. त्याच कारणाने कंप्रेसर, फ्रीज, हीटर असं ठिणगी टाकणारं किंवा ज्योतीवर चालणारं काहीही जमिनीपासून निदान दीड फूट वर ठेवा. इंजिन चालू ठेवून काम करायचं तर एक्झॉस्टला नळी लावून धूर बाहेर सोडा. नुसतं शटर उघडं ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइड बाहेर जाईलच असं नाही, आणि त्याला ना रंग ना वास. डोक्याच्या उंचीला त्याचा अलार्म लावा.

आगीबद्दल एवढंच की एबीसी पावडरचं सिलिंडर स्वस्त आहे आणि आग विझवतंही, पण त्यातली पावडर ॲल्युमिनियम आणि वायरिंगला कुरतडते. शेजारच्या चारही गाड्यांवर ती बसते. दारापाशी ते असू द्या, हाताशी मात्र फोम आणि कार्बन डायऑक्साइडचंही ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेटू शकतात, त्यांना झाकणाचा लोखंडी डबा. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करायचं नाही. त्यातून फॉस्जीन तयार होतो, जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेला होता. दुकानातून आणताना क्लोरीन नसलेलाच आणा, म्हणजे हा नियम कोणाला आठवावा लागणार नाही.

विजेचं फार लांबवत नाही. लिफ्टची मोटर, कंप्रेसर आणि वेल्डिंग मशिन एकाच वेळी सुरू झाली तर मंजूर भार पुरेल का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा, आणि तीन फेज नसेल तर ती आणायला किती वेळ लागतो हे घेण्याआधी कळू द्या. प्रत्येकाच्या चार्जरसाठी वेगळा सब-मीटर लावा.

आता मालकी. चौघांच्या नावावर सरळ सहमालकी, की एखादी छोटी कंपनी किंवा संस्था काढून जागा तिच्या नावावर आणि तुमच्याकडे तिचे हिस्से? चार जणांसाठी दोन्ही चालतं, पण माझा कल दुसऱ्याकडे आहे. कारण सांगतो. सरळ सहमालकीत बऱ्याच देशांच्या कायद्याप्रमाणे कोणताही एक मालक वाटणी मागू शकतो, आणि एका शटरच्या शेडचे चार भाग पडत नसल्याने न्यायालय ती विकायला लावू शकतं. शिवाय एखादा गेला तर त्याचा हिस्सा वारसाकडे जातो. आमच्या सहा जणांतला एक अचानक गेला. त्याच्या पत्नीला बिचारीला यातलं काही नको होतं, तिच्या भावाला मात्र फरशांचे खोके ठेवायला जागा हवी होती, आणि कायद्याने तो चुकीचं काही मागत नव्हता. दीड वर्ष आम्ही दोन गाड्यांच्या जागेत फरशा बघितल्या. कंपनी किंवा संस्था असली तर 'हिस्सा विकायचा झाल्यास आधी बाकीच्यांना विचारायचं, आणि वारसाला पैसे मिळतील, जागा नाही' हे तिच्या घटनेतच लिहिता येतं. सहमालकी ठेवलीत तरी हेच कलम करारात आणता येतं, पण वकिलाकडून नीट लिहून घ्या. आणि कर्ज काढणार असाल तर 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' हे तीन शब्द शोधा. त्यांचा अर्थ, तिघांनी हप्ते थांबवले तर बँक सगळं कर्ज चौथ्याकडून वसूल करू शकते.

तुमच्यात एकाच्या तीन गाड्या आहेत, एकाची एक. हिस्से गाड्यांच्या प्रमाणात करू नका, गाड्या येतात-जातात. हिस्से चार, समान. प्रत्येकाला एक हक्काची जागा. जास्तीच्या जागा सामायिक निधीकडून भाड्याने घ्यायच्या, दर दर वर्षी ठरवायचा. ज्याच्या तीन गाड्या तो निधी भरतो आणि त्यातून छत गळायला लागल्यावर कोणाच्या खिशाकडे बघावं लागत नाही. चौघं असल्याने दोन विरुद्ध दोन मतं पडणारच. तेव्हा काय, हे आत्ताच लिहा. तुम्हा चौघांना मान्य असलेला पण गाडीत रस नसलेला एखादा पाचवा माणूस निकाल देईल, हे पुरेसं आहे. विकणं, कर्ज काढणं आणि नवा भागीदार घेणं या तीन गोष्टींना चौघांचीही संमती, बाकी सगळ्याला बहुमत.

बाहेर पडण्याचं कलम आत शिरण्याआधी लिहायचं. किंमत कोण ठरवणार (दोन स्वतंत्र मूल्यांकनांची सरासरी आम्हाला जमली), किती महिन्यांची सूचना, पैसे एकरकमी की हप्त्यांनी. काही वकील असं कलम सुचवतात की एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने त्याच भावाने घ्यायचं की द्यायचं ते निवडायचं. ऐकायला न्याय्य वाटतं, एकाने वाटे घालावे आणि दुसऱ्याने उचलावे तसं. पण ज्याच्याकडे रोख रक्कम आहे तो कमी भाव सांगून दुसऱ्याला विकायला भाग पाडू शकतो, कारण समोरच्याकडे घ्यायला पैसेच नसतात. तुमच्यातल्या चौघांची ऐपत सारखी नाही, हे तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. ते कलम घेऊ नका.

विमा इमारतीचा वेगळा, प्रत्येक गाडीचा ज्याचा त्याचा आणि तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास देण्याचा वेगळा. लिफ्ट आहे, वेल्डिंग होतं, मित्र हाताखाली मदतीला येतात, हे सगळं कंपनीला आधी लेखी कळवा. 'मित्राच्या मित्राची गाडी, दोन पैसे देईल' ही सुरुवात मात्र होऊ देऊ नका. पैसे घेऊन गाडी दुरुस्त केली की तो धंदा झाला. परवानगी, कर आणि विमा या तिन्हींचा रंग त्या दिवशी बदलतो.

आता नियम. आमच्याकडे दहा-बारा आहेत, पण खरे कामाचे चार.

लिफ्टवर गाडी जास्तीत जास्त सात दिवस. सात दिवसांत काम झालं नाही तर गाडी चाकांवर उतरवायची, अगदी गिअरबॉक्स डिकीत ठेवून ढकलायची वेळ आली तरी. 'पार्ट यायचा आहे' हे कारण चालत नाही. पार्ट हातात आल्याशिवाय मोठं काम उघडायचंच नाही. यात सुरक्षेचाही भाग आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर इंजिन किंवा गिअरबॉक्स काढला की गाडीचा तोल बदलतो, आणि तशी गाडी आधाराचे खांब न लावता महिनोन्महिने वर ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या नशिबाची परीक्षा.

प्रत्येक बंद गाडीच्या काचेवर तारखेची चिठ्ठी: शेवटचं काम कधी झालं. नव्वद दिवसांत तारीख बदलली नाही तर ती हक्काची जागा सोडून वरच्या फळीवर जाते, आणि एकशेऐंशी दिवसांनंतर तिचं भाडं दुप्पट. दंड म्हणून नव्हे, कोणालाही तोंडाने काही बोलावं लागू नये म्हणून. तारीख बोलते.

प्रत्येक गाडीची एक किल्ली आतल्या पेटीत, आणि बाकीच्यांना ती हलवायची लेखी परवानगी. हलवताना ओरखडा पडला तर खर्च सामायिक निधीतून. हे नसेल तर एका गाडीसाठी तीन माणसांना फोन करावे लागतात. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही, पॅड डिस्कला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. बॅटरीला देखभालीचा चार्जर, नाहीतर केबल काढून ठेवा: १२.६ व्होल्टला ती भरलेली असते, १२.४ च्या खाली गेली की तिचं आयुष्य कमी व्हायला लागलं असं समजा.

चौथा हत्यारांचा. 'सामायिक' आणि 'ठेवलेलं' यांत फरक करा. लिफ्ट, कंप्रेसर, प्रेस, इंजिन उचलायची घोडी सामायिक, निधीतून घेतलेलं. पान्यांचे संच ज्याचे त्याचे, कुलपात. टॉर्क रेंच तर मी भावालाही देत नाही. वापरून झाल्यावर तो सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा असतो, आणि हे कोणी करत नाही. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी कोण काढणार, त्याच्या पाळ्या लावा. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, आणि टाकी आतून गंजते.

तुमच्या चौथ्या मित्राबद्दल. त्याला गाड्यांशी फारसं देणं-घेणं नाही आणि बसायला जागा हवी आहे, म्हणून बाकीचे तिघे जरा नाराज दिसता. माझ्या मते तो तुमच्या कामाचा माणूस आहे. आमच्याकडे असा एक आहे. छताखालच्या कोपऱ्यात त्याने दोन जुनी सीटं ठेवून कोच केलाय. वीजबिल तो भरतो, चिठ्ठ्यांच्या तारखा तो बघतो, आणि लिफ्टवर गाडी सातव्या दिवशी असेल तर आठव्या दिवशी त्याचा फोन येतो. त्याला कोणाचा राग येत नाही, कारण त्याची गाडी रांगेत नसते. फक्त त्याची बसायची जागा ग्राइंडर आणि पेट्रोलपासून लांब, शटरजवळ आणि वेगळ्या दाराने बाहेर पडता येईल अशी ठेवा.

खरेदीची घाई नसेल तर मालकाला विचारा, वर्षभर भाड्याने देऊन नंतर ठरलेल्या किमतीला विकत द्यायला तो तयार आहे का. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर, ओल्या आणि थंड अशा दोन्ही ऋतूंत चौघांपैकी कोण किती वेळा शटर उघडतो हे तुम्हाला कळेल. दारावर एक वही टांगा, येणाऱ्याने तारीख टाकायची. आमच्या पहिल्या वर्षीच्या वहीत एका भागीदाराच्या नोंदी तीन होत्या. तो हिस्सेदार झाला नाही, महिन्याच्या भाड्याने एक जागा घेऊन राहिला, आणि आजही आहे.

मालक भाड्याला तयार नसेल आणि सही लवकर करावी लागणार असेल, तर या आठवड्यात एवढं करा: घोड्यांवरच्या दोन्ही गाड्यांना कसलीही का होईना, चार चाकं लावा आणि त्या ढकलून दहा फूट पुढे-मागे करून बघा. जी हलते ती वरच्या फळीवर जाईल. जी हलत नाही ती नव्या जागेत न्यायची की नाही, हे तिच्या मालकाशी सहीआधी ठरवा, आणि ठरलं ते करारात त्या गाडीच्या नंबरासकट लिहा.